राजमतीआक्कांची जबानी

दुधाचा पेला हातात घेऊन परशराम हवालदार उंबऱ्याशी आला, तशी सोप्यात बसलेली पंचवीस-तीस माणसं एकाएकी गप्प झाली. इतका वेळ ती संथ सुरात जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होती. आता सगळ्यांची नजर त्या पेल्यावर होती.

जिनदत्त आडवा आला. "हवालदार, आईनं दूध सोडल्याला आठ दिस झाले."

"ठाव हाय मला. फौजदारसायबाचा हुकूम हाय. त्यांच्यापुढं ठेवायचं आणि त्या काय करत्यात ते लिवून द्यायचं."

"आणि आमी ठेवू दिलं न्हाय तर?"

परशरामने मागे वळून पाहिलं. त्याच्या पाठीमागे गल्ली माणसांनी भरली होती. बोरगावाहून, सदलग्याहून, चिकोडीकडून बैलगाड्या आल्या होत्या. बायका डोक्यावर पदर घेऊन भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. त्याच्याबरोबर एकच शिपाई होता आणि त्याच्याही कपाळावर घाम आला होता.

आलदहाळ हे निपाणीपासून तीन कोसांवरचं, वेदगंगेच्या काठचं गाव. निम्मं गाव जैन शेतकऱ्यांचं. जिनदत्तची आई राजमतीआक्का शहात्तर वर्षांच्या. वर्षापूर्वी त्यांच्या पोटात गाठ झाली. मिरजेपर्यंत नेऊन दाखवलं, पण ती गाठ कापण्यापलीकडची होती. नंतर गावात एक मुनी आले, तेव्हा आक्कांनी त्यांच्यापुढे सल्लेखनेचं व्रत घेतलं. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक. आता दिवसातून एकदा कोमट पाणी. एकेक गोष्ट सोडत, मनातला राग-लोभ काढून टाकत मरणाला सामोरं जायचं, असं ते व्रत.

हे सगळं परशरामला या तीन दिवसांत कळलं होतं. त्याचं गाव तिकडे खानापूर तालुक्यात, गुंजीच्या पलीकडे रानात. तिथे कुणी जेवायचं बंद केलं तर भगताला बोलवायचे नाहीतर जबरदस्तीने पेज पाजायचे. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं, ही माणसं म्हातारीला सरळसरळ मारतायत आणि वर देवाचं नाव घेतायत.

निपाणीच्या चौकीवर निनावी अर्ज आला होता. 'आलदहाळ येथे एका वृद्ध बाईस उपाशी मारीत आहेत, सरकारने सोडवावे.' एवढंच. फौजदारांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "खून आहे की आत्महत्या, ते बघून ये. दोन्हीला कलम आहे. गुरुवारी दुपारी मी गाडी घेऊन येतो. म्हातारीला उचलून दवाखान्यात घालायचं की नाही, ते तुझ्या रिपोर्टावर."

आज बुधवार होता.

"जिनदत्ता, येऊ दे त्यास्नी," आतून बारीक आवाज आला.

जिनदत्त बाजूला झाला. पण आता उपाध्ये पुढे आले. बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, हे पुजारी वयाने झुकलेले, बोलायला मऊ. "हवालदार, एक विनंती. पायातलं काढलंत ते बरं झालं. कमरेचा पट्टाबी कातड्याचा हाय. तेवढा भाईर ठेवाल?"

शिपायाने परशरामकडे पाहिलं. गणवेशावर असताना पट्टा काढायचा नसतो, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याने नव्या पोरांना कितीतरी वेळा दरडावून सांगितलं होतं. त्याने पेला शिपायाच्या हातात दिला, पट्टा सोडला आणि खुंटीला अडकवला. मग पेला घेऊन तो आत गेला.

राजमतीआक्का चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं. हातांची कातडी हाडांना चिकटलेली, पण डोळे स्वच्छ. सून ब्राह्मी शेजारी बसून पंख्याने वारा घालत होती. परशरामने पेला त्यांच्यापुढे ठेवला.

आक्कांनी दुधाकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची शीर वर-खाली झाली. परशरामला ती स्पष्ट दिसली.

"कुणाच्या घरचं?" त्यांनी विचारलं.

"पाटलाच्या. म्हशीचं."

"चांगलं असंल. त्याच्या म्हशीला आमच्याच मळ्यातली वैरण जाती." मग त्यांनी कानडीत नको म्हटलं. "बेड, बाबा. घिऊन जा. अजून तोंडाला पाणी सुटतंय."

"मग घ्यावं की, आक्का. कुणी अडिवलंय?"

"कुणी न्हाय. माझं मीच."

परशराम वळला आणि म्हणाला, "आता समद्यांनी भाईर जायचं. मला त्यांच्यासंगट एकट्यानं बोलायचं हाय."

सोप्यात गलका उठला. व्रतात बसलेल्या बाईजवळ पोलीस एकटा? कोणीतरी दारावर हात आपटला. शिपाई आत सरकला आणि परशरामच्या मागे चिकटून उभा राहिला. बाहेरच्या गल्लीत, काय चाललंय ते न कळता, माणसं उठून उभी राहिली. तेवढ्यात आक्कांनी हात वर केला. तो हात धड खांद्यापर्यंतही गेला नाही, पण आवाज थांबला. एकेक करून माणसं अंगणात गेली. ब्राह्मी सगळ्यात शेवटी उठली. दारातून तिने एकदा मागे वळून पाहिलं, ते आक्कांकडे नाही, परशरामकडे.

त्याने कागद काढला. नाव, वय, नवऱ्याचं नाव विचारलं. मग विचारलं, "मुलानं, सुनंनं, पंचांनी कुणी जबरदस्ती केली का?"

"न्हाय."

"भूक लागती?"

"लागती की. शरीर हाय ते."

"मग भ्या वाटत न्हाय?"

"पयल्यांदा वाटलं. आता थोडंच उरलंय." थोडा वेळ त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुझी आई हाय?"

"न्हाय. पलेगात गेली. मी बेळगावात नवा शिपाई हुतो, ती माझ्यापाशीच ऱ्हात हुती. घरोघरच्या आजारी माणसास्नी गावाभाईरच्या झोपड्यांत न्यायचा हुकूम हुता. आमच्या आईला मीच नेलं, हाताला धरून. तिसऱ्या दिशी गेलतो, तर खाट मोकळी."

"जाताना काय म्हणत हुती?"

"घरातच मरू दे म्हणत हुती."

बाहेर पुन्हा णमोकार सुरू झाला. परशरामने लेखणी शाईत बुडवली.

"नोकरी हुती तुझी," आक्का म्हणाल्या. "आणि आता माझ्यापायी तीन दिस उनात उभा हाईस. मला क्षमा कर, बाबा."

चोवीस वर्षांत त्याला माणसांनी शिव्या दिल्या होत्या, काहीजण हातापाया पडले होते. क्षमा कुणी मागितली नव्हती. त्याने जबानी मोडीत लिहून काढली, मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यांच्यात लेखणी धरायची ताकद नव्हती म्हणून शाई लावून अंगठा उठवला. बोट इतकं हलकं होतं की त्याला ते कागदावर दाबावं लागलं.

दिवस कलायला आला होता. या घरात अंधारापूर्वी जेवण उरकत असत, म्हणून अंगणात पानं मांडायची घाई चालली होती. परशराम हातपाय धुवायला परड्यातल्या आडावर गेला, तर ब्राह्मी तिथे उभी होती. कळशी भरलेली, पण ती उचलत नव्हती.

"हवालदार, काय लिवलंसा?"

"त्यांनी सांगितलं ते. स्वखुशीनं म्हणाल्या."

ती खाली बघून म्हणाली, "त्यो अर्ज मी दिलता."

परशरामने धुवायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"बाजारादिशी निपाणीला गेलते, तवा लिवून घेतला. ह्यास्नी ठाव न्हाय. अकरा वर्सांची हुते मी ह्या घरात आले तवा. मला आई नव्हती. येणी घालण्यापासनं कानडी अक्षरं गिरवण्यापतोर समदं त्यांनीच शिकिवलं. आता रोज थोड्या थोड्या कमी हुत्यात आणि मी नुसता वारा घालायचा. लोक येत्यात, पाया पडत्यात, भाग्यवान म्हणत्यात. मला ते भाग्य दिसत न्हाय." तिचा आवाज चिरला नाही. तेच परशरामला जड गेलं. "कुणीतरी सरकारी माणूस यील, उचलून नेईल, चार घोट पाजंल, आसं वाटलं. उद्या न्या त्यास्नी. तुमी लिवलं तर नेतील."

"सायबापुढं म्हणशील हे? एवढ्या लोकांत?"

"म्हणीन."

रात्रभर परशराम बस्तीच्या कट्ट्यावर पडून होता. जबानी खिशात होती. गळ्याची ती हललेली शीर त्याने जबानीत लिहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी गर्दी दुप्पट झाली. पोलीस आक्कांना न्यायला येणार, ही बातमी रात्रीत चार गावांत गेली होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून माणसं आली होती, त्यांत मराठे होते, मुसलमान होते. काहींनी येताना काठ्या आणल्या होत्या. उपाध्ये त्यांच्यात फिरून एकेक काठी मागून घेत होते आणि बस्तीच्या भिंतीला टेकवून ठेवत होते.

बाराच्या सुमाराला फौजदारांची मोटार आली. मागे चार शिपाई आणि एक छपराची बैलगाडी. गाडी बघून लोक पुढे सरकले आणि दारासमोर दाटीने बसले. कोणी ओरडलं नाही, पण वाटही सोडली नाही.

फौजदारांनी आधी परशरामच्या कमरेकडे पाहिलं. "पट्टा कुठाय?"

"आत जायाला काढला, सायब. कातड्याचा चालत न्हाय."

"तुला इथं दीक्षा घ्यायला पाठवला नव्हता." त्यांनी जबानी घेऊन वाचली. "अंगठा काय, कुणीही उठवतं. अर्ज कुणाचा, ते कळलं?"

ब्राह्मी दारातच उभी होती. जिनदत्त तिच्या शेजारी. परशरामने तिच्याकडे बघायचं टाळलं. आता तिने तोंड उघडलं तर आक्का गाडीत जातील आणि तिला या गल्लीत पुन्हा मान वर करून चालता येणार नाही. तिने तोंड नाही उघडलं तर जे व्हायचं ते होईल.

"निनावी हाय, सायब," तो म्हणाला.

ब्राह्मी एक पायरी उतरली. "सायब," तिने हाक मारली. फौजदार वळले. माणसं वळली.

"ब्राह्मी," आतून आक्कांचा आवाज आला. "पाणी आण गं."

पाण्याची वेळ झाली होती. ब्राह्मी पायरीवर तशीच उभी राहिली. तिने बैलगाडीकडे पाहिलं. आत गवत पसरून वर घोंगडं टाकलं होतं. मग ती वळली आणि आत गेली. थोड्या वेळाने भांडं ठेवल्याचा आवाज आला. कोणी हाललं नाही.

"ही बाई काय म्हणत होती?" फौजदारांनी विचारलं.

"सून हाय. त्यास्नी पाणी द्यायची वेळ झालती."

फौजदारांनी गर्दीवरून नजर फिरवली. त्यांनाही आत घुसायची हौस नव्हती. "तुझ्या जबाबदारीवर लिहून देतोस? उद्या वरून विचारलं तर मी तुझंच नाव सांगणार. पेन्शनीला किती राहिलं?"

"दीड वर्ष."

"विचार कर."

"देतो लिवून."

त्याने मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, की मी बाईस एकांतात विचारले, ती शुद्धीवर असून राजीखुशीने व्रत करीत आहे, कोणाची जबरदस्ती नाही. खाली सही केली. पत्रा तापला होता, मनगट भाजत होतं. फौजदारांनी कागद घेतला आणि जाता जाता म्हणाले, "विनापट्टा सापडलास, ते वेगळं लिहावं लागेल मला."

रिकामी गाडी परत गेली.

राजमतीआक्का रविवारी पहाटे गेल्या. त्यांना मखरासारख्या पालखीत मांडी घातलेल्या अवस्थेत बसवलं होतं. नदीपर्यंत दुतर्फा माणसं होती. कोणी आक्रोश करत नव्हतं. आक्रोश करायचा नसतो, असं उपाध्यांनी परशरामला सांगितलं. बंदोबस्ताला थांबलेला तो पालखीपुढे वाट मोकळी करत चालला, पट्टा न बांधता. मागे बायकांच्या घोळक्यात ब्राह्मी एकटीच रडत होती. दोघी-तिघींनी तिला गप्प केलं. तिने ऐकलं नाही.

वर्षभराने निषिधीचा, म्हणजे आक्कांच्या स्मरणाचा, दगड बसवायचा होता, तेव्हा जिनदत्तने त्याला निरोप धाडला. परशरामची एक बढती अडली होती आणि बदली होऊन तो खानापुरात होता. तो रजा काढून धोतर-कोट घालून आला. नदीकाठच्या शेतात पुष्कळ लोक जमले होते. पूजा झाली, प्रवचन झालं, त्यातलं निम्मं कानडीत होतं. ऊन उतरायच्या आत जेवायचं म्हणून लोक गावाकडे निघाले. परशराम दगडाजवळ रेंगाळला. दगडावर हात जोडून बसलेली एक बाई कोरली होती आणि खाली दोन ओळी.

"कानडी हाय," मागून ब्राह्मी म्हणाली. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचून दाखवलं. नाव, गाव, तिथी, आणि समाधी साधली एवढंच.

"राजीखुशीनं, आसं हाय का कुठं?"

"दगडावर तसं लिवत न्हाईत. ते तुमी लिवलं."

तिने अक्षरावरचं बोट उचललं. मग तिने विचारलं, "त्या दिशी मी बोलले असते तर?"

"तर नेलं असतं त्यास्नी."

"बरं झालं असतं का?"

परशरामने दगडावर कोरलेल्या बाईकडे पाहिलं. "मला सांगता येत न्हाय, बाई. मी सही केली, पर मला सांगता येत न्हाय."

तिने मान हलवली. दगड नवा होता, पाथरवटाने परवाच कोरून संपवलेला, आणि अक्षरांच्या खाचांत अजून पांढरी भुकटी बसली होती. ब्राह्मीने पदराने ती पुसायचा प्रयत्न केला. भुकटी निघेना. पूजेच्या जागी तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. परशरामने तांब्या आणला आणि तो वाकून एकेका अक्षरावर बारीक धार धरू लागला, आणि ती बोटाने खाच साफ करत पुढच्या अक्षराकडे सरकू लागली.