बर्फाची टाकी

आमच्या घराण्याची खूण म्हणजे तीन रेघा आणि शेजारी एक ठिपका. पाटा असो, जातं असो, देवळाची पायरी असो, दगड घडवून झाला की कोपऱ्यात ती कोरायची. माझा थोरला भाऊ पुंडलिकअण्णा डावरा होता. बारा वर्षांपूर्वी तो मोजणीच्या लोकांबरोबर हिमालयात, खडकांवर खुणा कोरायला गेला. परत आला नाही.

बारा वर्षं भरली. आता अण्णाला मेला धरून येत्या अमावस्येला आमचे भटजी बाळाचार्य पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देणार होते. मग अनसूयावैनीचं कुंकू जाणार. मला ते बघवणार नव्हतं.

त्याच आठवड्यात धारवाडचे प्रभंजन मास्तर आमच्या गावी, उणकलला, पडवीत आले. गंगोत्रीची यात्रा करून आले होते. नारळाएवढा दगड पुढे ठेवून म्हणाले, "याचं बूड सपाट कर रे. टेबलावर नुसता डुगडुगतो."

बुडाला राखाडी चिखल घट्ट बसला होता. वरच्या अंगावर तीन सरळ रेघा. मी बोट फिरवलं. टाकीचे घाव लागेनात. ओढणाऱ्यानं मध्ये कुठे हात उचललाच नव्हता.

"कुणी ओढल्या, मास्तर?"

"बर्फानं. तिथं बर्फाची नदी असते. दिवसाला वीतभर सरकते. पोटात दगड धरून खालचा खडक घासत जाते. चिंचोळी दरी खरवडून गुरांच्या दगडी डोणीसारखी रुंद करते, आणि वाहून आणलेल्या दगडांचा तोंडाशी ढीग घालते. हा त्या ढिगातला."

आत वैनी चटणी वाटत होती. वरवंटा थांबला. "दगडच आणते?"

"जे घेईल ते, अक्का. कधीतरी बाहेर टाकतेच."

मास्तर गेले. वैनी तळ्यावर पाण्याला गेली. मी दगड बघत बसलो. रेघा तीन होत्याच, एक ठिपका कमी होता. टाकी उचलली, एक ठोका दिला, आणि धूळ चोळून ठिपका जुना केला.

ती घागर घेऊन आली तसा मी ओरडलो, "वैनी, अण्णाची खूण! यंदाच सापडलाय दगड. जिवंत असेल तो. आचार्यांना नको म्हणून सांगतो."

ती खाली बसली. दगड मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बोटांनी चाचपत राहिली.

"भावजी, ठिपका उजवीकडं आहे."

मी टाकी पायानं मागे सरकवली.

"त्यांनी घडवलेल्या पाट्यावर रोज वाटते मी. उजवीकडं तुमचा असतो. मास्तरांना फसवा, मला फसवता होय?"

ती रागावली नाही. तिनं दगड पालथा केला, घागर कलती केली आणि बुडाचा चिखल बोटांनी चोळू लागली. ज्येष्ठाचं ऊन पडवीत आलं होतं, तरी दगडावरून ओघळलेलं पाणी माझ्या पायाला लागलं ते बोचरं गार.

चिखल सुटला. खाली तीन आखूड रेघा होत्या, टाकीच्या. डावीकडं ठिपका. त्या सगळ्यावरून केसासारखे बारीक ओरखडे आडवे गेले होते, आणि खुणेचा वरचा अर्धा भाग पार गुळगुळीत झाला होता.

"हे कोरल्यावर वरून बर्फ गेलंय, भावजी," वैनी म्हणाली. "त्यांनाही त्यानंच नेलं. आधी दगड आला."

मग त्याच ओल्या हाताची तीन बोटं तिनं कपाळावरून ओढली. कुंकू गेलं. राखाडी चिखलाच्या तीन रेघा राहिल्या, आणि डावीकडं, भुवईशी, एक लाल ठिपका.