सांभाळायला दिलेला गडी

मशीन पाच, त्यांतली चालू तीन. कीबोर्ड सहा, म्हणजे एक जास्त. तो कुठून आला हे विठ्ठलरावांनाही सांगता येईना. माऊस एक, तोही कधी कुणाला लागला नव्हता. खुर्च्या अकरा. डब्यात चौसष्ट मोठ्या, लवलवत्या फ्लॉप्या; त्यांतल्या एकविसांवर बुरशीचे पांढरे ठिपके. आणि माणसं, सकाळी साडेदहालाच, सत्तावीस.

"सत्तावीस?" विठ्ठलराव दारातच थबकले. "अगं कावेरी, मी चहा पंधराचा सांगून आलोय."

"अर्धा अर्धा कप द्या, काका. अर्ध्या कपावरच शिकलेत सगळे इथं."

बीडला सुभाष रोडवर, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर विठ्ठलरावांचा हा कॉम्प्युटर क्लास आठ वर्षं चालला होता. कावेरी आधी तिथं विद्यार्थिनी होती, मग शिकवायला लागली, आणि लग्न गावातच झाल्यामुळे शिकवतच राहिली. आज दुपारी चारला जुन्या मशिनी घेणारा टेम्पो येणार होता. सोमवारपासून नव्या, रंगीत पडद्यांच्या मशिनी. त्यांना ही मोठी फ्लॉपी बसत नव्हती. म्हणजे 'सात बारवा' हा खेळ आज शेवटचा चालणार होता, आणि आधी इथंच शिकवणाऱ्या आणि आता पुण्यात नोकरीला असलेल्या रुद्रेशनं फोन करकरून जुनी मंडळी गोळा केली होती.

कावेरी सगळ्यांशी बोलत होती, पण तिचं लक्ष जिन्याकडे होतं. शिरूर कासारचा आश्रुबा अजून आला नव्हता. त्याचा खेळातला गडी तिच्याकडे होता, आणि चारच्या आत तो त्याला परत द्यायचा होता.

खेळ रुद्रेश आणि कावेरीनं बी.एस्सी. झाल्या झाल्या, पंचाण्णवच्या उन्हाळ्यात लिहिला. लढाया, चाली, आकडेमोड रुद्रेशची. गावं, माणसं आणि त्यांची बोलणी कावेरीची. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, इंग्रजी लिपीतली मराठी. पैलवान, वैदू किंवा मेंढका असा एक गडी निवडायचा, त्याला नाव द्यायचं, गावोगाव हिंडवायचं, बळ वाढवायचं आणि सातव्या बारवेच्या तळाशी उतरवायचं. त्याचा जीव मात्र पाण्यात होता. खांद्यावर सात घागरी, रोज एक संपायची. रोज म्हणजे खरोखरचा रोज. मशीनमधली तारीख बदलली की एक घागर रिकामी. तुम्ही खेळा नाहीतर घरी झोपा. भरायच्या तर कपिलधारच्या धबधब्यावर. आठवडा उलटूनही कुणी फिरकलं नाही की गडी तहानेनं मरायचा आणि त्याची फाइल पुसली जायची.

दसरा आला की पंचाईत व्हायची. क्लासला शिरूरकडची पोरं होती. ती घरच्यांबरोबर सहा सहा महिने ऊसतोडीला जात. मग गड्याला पाणी कोण पाजणार? तोड पोरांनीच काढली. गावाकडं शेळी अर्धलीनं सांभाळायला देतात, तसा गडी अर्धलीनं द्यायचा. सांभाळणाऱ्यानं दर आठवड्याला त्याच्या घागरी भराव्यात. वाटेत चोरांशी, लांडग्यांशी लढून जेवढं बळ वाढेल ते मालक परतल्यावर निम्मं निम्मं. रुद्रेशला पोरांनी इतकं भंडावलं, की त्यानं खेळात 'वाटणी' नावाचा हुकूमच घालून दिला. एक अट होती: परक्याचा गडी सातव्या बारवेत उतरवायचा नाही. तिथं जिंकलं की खेळ संपायचा, गड्याची फाइलही पुसली जायची, आणि ते काम मालकाचं.

मशीनची तारीख मागं सरकवली की तहान थांबते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सटवानं एकदा केलं, तर त्याच्याशी महिनाभर कुणी बोललं नव्हतं.

तोच सटवा आता उमापूरला औषधांचं दुकान चालवत होता आणि मधल्या मशीनवर हात ठेवून ठासून सांगत होता, "आठवी बारव हाय. चिंचेच्या मागं. मी सोता उतरलोय तिच्यात."

"मी लिहिलीच नाही बे, सटवा," रुद्रेश म्हणाला.

"तुमी लिवली नसंल, सर. पर हाय."

"मग आत काय होतं?" रुचिकानं विचारलं. ती आता तहसील कचेरीत होती आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

"अंधार."

"लाइट गेली असंल, येड्या!"

माडी हसण्यानं दणाणली. खालून भांडीवाल्यांनी वर बघितलं.

मग शिरूरच्या विहिरीचा विषय निघाला. खेळातल्या सगळ्या गावांत ती एकच विहीर कोरडी होती, आणि शिरूरच्या पोरांचा त्यावर जुना राग होता. कावेरीनं तेव्हा दिलेलं उत्तर पुन्हा दिलं, "मी तुमच्या गावाला मे महिन्यात आले होते. दिसलं ते लिहिलं." तिला त्याबद्दल पुन्हा एकदा शिव्याही मिळाल्या, प्रेमाच्या.

चहा झाल्यावर रुद्रेशनं घसा साफ केला. "आता ऐका. मी हा खेळ नव्यानं लिहितोय. सीडीवर येईल. रंग आहेत, आवाज आहेत, घोडेपण आहेत. तहान तेवढी काढतोय. पुण्यात दोघाचौघांना दाखवलं, ते म्हणाले, रोज पाणी भरायची कटकट कशाला?"

मग सटवा म्हणाला, "मंग उरलं काय, सर? घोडे?"

"पण सर," रुचिकानं विचारलं, "तहान तुमी ठिवलीच कावून होती?"

रुद्रेशनं मान खाजवली. "खरं सांगू? फ्लॉपीत जागा नव्हती. पोरं दोन दिवस खेळायची, गडी तसाच टाकून जायची. फ्लॉप्या भरून जायच्या. म्हटलं, जो खेळत नाही त्याची फाइल आपोआप पुसली गेली पाहिजे. नुसतं पुसायचं तर पोरं भांडली असती. तहान म्हटल्यावर कुणी भांडलं नाही."

"अरे देवा!" रुचिकानं कपाळावर हात मारला. "मी तर कॉलेजच्या गॅदरिंगला ह्याच्यावर भाषण ठोकलतं! दुष्काळी भागाची वेदना म्हणून! दुसरा नंबर आलता!"

"बक्षीस परत करून ये," सटवा म्हणाला.

कावेरीही हसली. तिला कारण पहिल्यापासून माहीत होतं; तारखेची ती ओळ रुद्रेशनं तिच्यासमोरच लिहिली होती. तरीही साडेपाच वर्षं ती दर शनिवारी क्लास सुटल्यावर दहा मिनिटं थांबत आली होती. कारण विचारलं असतं तर तिला एकच सांगता आलं असतं. आश्रुबा "पाडव्याला येतो, ताई" म्हणून गेला होता, आणि ती "बरं" म्हणाली होती.

अडीच वाजले. जेवायला गेलेले परत आले. सटवाला तिनं चौथ्यांदा विचारलं, "निरोप नक्की दिलास ना रे?"

"बाजारात भेटला, तोंडानं सांगितलं ताई. मशिनी चालल्या, तुला ताईनं बोलावलंय. गड्याचं काय बोललो न्हाई. तुमीच सांगा म्हणलं."

तीन वाजून गेल्यावर जिन्यात जड चपला वाजल्या. आश्रुबा आला तो दारातच उभा राहिला. गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, काडीसारखा होता. आता खांदे भरले होते, मिशा आल्या होत्या आणि हातात ट्रॅक्टरची किल्ली होती.

"लई उशीर झाला ताई. गाडी पंक्चर."

"आत ये. तुझा गडी न्यायचा नाही का?"

"कोणता गडी?" त्यानं विचारलं आणि लगेच खाली बघितलं. "त्यो व्हय. त्यो मेला असंल की. मी पाडव्याचं म्हणून गेलतो अन् आलोच न्हाई. तिकडं कारखान्यावर मुकादमानं ट्रॅक्टर हाती दिला, लगीन झालं. दर साली ह्याच स्टँडावरून जायचो. पर वर यायला जीव होत नव्हता. मेलेला बघायला कावून यायचं?"

कावेरीनं मधल्या मशीनमध्ये फ्लॉपी सरकवली. ड्राइव्ह घरघरला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: आश्रू. मेंढका. बळ दोनशे अकरा. घागरी सात.

आश्रुबानं काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग हात विजारीला पुसला, आणि पुन्हा वाचलं.

"चौदा होतं बळ."

"हो. चौदा होतं."

"दर हप्त्याला भरलं तुमी?"

"दर शनिवारी!" विठ्ठलराव मागून म्हणाले. "लातूरला बहिणीच्या लग्नाला गेली, तर मांडवातून फोन करून मला कपिलधारला पाठवलं हिनं. मला त्या बाणांच्या कळा सापडेनात. तुझा गडी अर्धा तास बाभळीला धडका देत होता, बाबा."

आश्रुबा हसला. तो शेजारच्या खुर्चीत बसला आणि एकदम व्यवहारी झाला. "बरं मंग. वाटणी करा. एकशे सत्त्याण्णव वाढलं. निम्मं तुमचं."

"मला नको रे. माझा गडी कधीच जिंकून गेला."

"नको म्हणून चालतंय व्हय? अर्धल हाय. वरचं एक ठिवा सांभाळणाऱ्याला. तुमचे नव्याण्णव, माझे चौदा धरून एकशे बारा."

रुद्रेश खुर्ची ओढून पुढं आला. "एक मिनिट. वाटणी केलीत तर दोघांपैकी कुणालाच सातव्या बारवेत जाता येणार नाही. दारावरचा राखणदार दोनशेच्या खाली सोडत नाही. आणि ही मशीनं पाऊण तासात चालली. त्यापेक्षा असं करू. गडी मला द्या. मी फ्लॉपी पुण्याला नेतो, नव्या खेळात बसवतो. तुम्हा दोघांचे दोन गडी. कायमचे राहतील."

सगळे आश्रुबाकडे बघू लागले. कावेरीही. तिच्या मनात आलं, हो म्हण. साडेपाच वर्षं ज्याला तिनं मरू दिलं नव्हतं, तो कायमचा राहील, असं कुणीतरी सांगत होतं.

आश्रुबानं विचारलं, "तुमच्या नव्या खेळात तहान हाय का, सर?"

"नाही. तेच तर सांगतोय, सांभाळायची भानगडच नाही."

"मंग तिथं ह्यो काय करणार? बसून राहील नुसता." त्यानं कावेरीकडं बघितलं. "ताई, तुमी बोला. निम्मा तुमचा हाय."

पडद्यावर गडी कपिलधारच्या काठावर उभा होता, सकाळीच तिनं भरलेल्या घागरी घेऊन. तो एका चौकटीएवढा होता आणि त्याला तोंड नव्हतं.

"उतरवू या," ती म्हणाली. "पण वाटणी नाही करायची. दोघं मिळून."

"त्ये बेस झालं!" सटवा ओरडला. सगळ्यांनी मशीनभोवती गर्दी केली, मागचे खुर्च्यांवर चढले.

आश्रुबानं कळांवर बोटं ठेवली तर एकेका बोटाखाली दोन दोन कळा दाबल्या जात. गडी कपिलधारच्या काठावरच गरगर फिरला. "ट्रॅक्टर न्हाई त्यो, आश्रू!" कुणीतरी म्हणालं. मग ठरलं, की चालवायचं कावेरीनं आणि लढायचं आश्रुबानं; लढायची कळ लांबलचक होती, ती त्याच्या अंगठ्याला बरोबर बसली. वाटेत दोन लांडगे आले. एक चोर आला, तो पळून गेला. शिरूरच्या कोरड्या विहिरीपाशी कावेरी मुद्दाम थांबली, तेव्हा शिरूरकर पोरांनी गलका केला. मग माळ, चिंच ("हिच्याच मागं!" सटवा), आणि सातव्या बारवेचं दार.

राखणदारानं बळ मोजलं. दोनशे तेरा. त्यानं वाट सोडली.

कावेरी गड्याला एकेक पायरी उतरवत गेली. तळाशी चौकट उघडली आणि एक ओळ आली, कावेरीनं एकविसाव्या वर्षी लिहिलेली:

आधी हातपाय धू, मग पी.

आश्रुबाच पहिल्यांदा फुटला. खुर्चीत मागं रेलून, डोळ्यांतून पाणी येईतो हसला. "एवढ्यासाठी! ताई, एवढ्यासाठी! हे तर माझी आय रोज म्हणती!"

"कुणाची म्हणत नाही?" कावेरी म्हणाली.

"दाबू का?"

"दाब."

त्यानं अंगठा टेकवला. मशीनच्या बारीक भोंग्यातून ती किरकिरी, सहा सुरांची धून वाजली आणि माडीवरच्या सगळ्यांनी ती तोंडानं म्हटली, शेवटचा सूर जिथं नेहमी चुकायचा तिथं चुकवून. मग अक्षरं गेली. काळ्या पडद्यावर कर्सर तेवढा उघडमीट करत राहिला.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. विठ्ठलराव "आलो, आलो" म्हणत जिना उतरले. पोरांनी कडेच्या मशिनीच्या वायरी काढायला घेतल्या. रुद्रेश मात्र तिथंच उभा होता. त्यानं सटवाचं पेन मागितलं आणि तळहातावर 'तहान' एवढंच लिहून घेतलं.

आश्रुबा किल्ली शोधत उठला. "येतो ताई. सांच्याला कडबा भरायचाय."

"ये. वहिनीला घेऊन ये एकदा."

"आणतो."

तो गेल्यावर कावेरीनं रोजच्या सवयीनं मशीन बंद करण्याआधी फ्लॉपी तपासायचा हुकूम दिला. ड्राइव्ह घरघरला आणि थांबला.

फाइल नाही. मोकळी जागा ३,६२,४९६ बाइट.