पाकळी पडायच्या आधी

"घशाच्या कॅन्सराचो विषाणू? तो खंयसून इलो?" विनोदिनीने विचारले डॉक्टरला, पण बघत राहिली नवऱ्याकडे.

"शरीरसंबंधातून येतो," डॉक्टर म्हणाली. "वीस-तीस वर्षंसुद्धा गप्प राहतो. कुणाकडून आला ते कुणीच सांगू शकणार नाही, तेव्हा आळ घेत बसू नका. सात आठवडे रेडिएशन, आणि सोबत दर सोमवारी सलाइनमधून औषध. दोन्ही मिळून गुण येतो. सोमवार चुकवू नका."

विनोदिनीने त्यातले 'कुणाकडून' तेवढे घरी आणले. कृष्णनाथने जन्मात विडी ओढली नव्हती. पण डिचोलीच्या खाणींवर वीस वर्षे ट्रक चालवला होता, आठवड्यातले चार दिवस तिकडेच असायचा. इब्रामपुरात सासूची उस्तवार करत राहिलेल्या विनोदिनीला संशयाला एवढे पुरेसे होते. तिने त्याचा पेला वेगळा केला. इस्पितळात रोज नेत होती, आणि रोज बसमध्ये विचारत होती.

"कोण ती?"

"कोण नाय गे."

चौथ्या आठवड्यात घसा सोलून निघाला, आवाज गेला. मग तो नुसती मान हलवी. मान काय, कुणीही हलवील, असे तिला वाटे.

पाचव्या सोमवारी बस धरण्याआधी तिने देवीला कौल लावायचे ठरवले. उजवी पाकळी पडली तर नवरा निर्दोष, डावी पडली तर दोषी. कृष्णनाथने फाइलच्या पाठीवर लिहिले, 'डावी पडली तर सलाइन घेणार नाही.' आणि पेजेचा थर्मास मांडीवर घेऊन देवळाच्या पायरीवर बसून राहिला.

गोकुळदास गुरवाने देवीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "सांग गे, किते विचारूचा?"

देवी खोटे बोलणार नाही, याचीच तिला भीती वाटली. दारातून त्याची रेडिएशनने भाजून काळी पडलेली मान दिसत होती.

"काय नको. बस येतली," ती म्हणाली आणि हात जोडून बाहेर आली.

त्याने भुवया उचलल्या.

"उजवी पडली. चला."

पाकळी इतक्या लवकर पडत नसते, हे त्यालाही ठाऊक होते. तो उठला.

बसमध्ये त्याला पेजेचे दोनच घोट गेले. उरलेली पेज खिडकीतून ओतून द्यायची तिची रोजची सवय. आज तिने त्याचा वेगळा पेला हातात धरून ठेवला. संशय गेला नव्हता, बहुधा जाणारही नव्हता. म्हापसा मागे पडल्यावर तिने त्याच पेल्यातून ती पेज पिऊन टाकली. कृष्णनाथ बघत होता.