काचेपलीकडचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. फळी साधीच, पण माझ्या अंगावर गाणी रेकॉर्ड करणाऱ्या एका स्टुडिओचं बोधचिन्ह आहे. स्टुडिओचा मालक दादा, आणि मला घडवणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. धाकट्याला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात सगळे त्याला ठोंब्या म्हणत. हे नाव दादानंच ठेवलेलं.

ठोंब्या स्पीकरवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि हाताला जसं थरथरेल तशी रेघ ओढायचा. कितीतरी कागद फाडले. शेवटी एक रेघ जमली. सरळ येते, एकदम उसळते, थरथरते आणि हळूच टेकते. तीच स्टुडिओचं बोधचिन्ह म्हणून माझ्यावर आणि पुढे चहाच्या कपांवर, पत्रांच्या कागदांवर जाणार होती. बदल्यात त्याला एकच हवं होतं, माझ्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं खरं नाव. आईनंही सांगून ठेवलं होतं, "त्या पोराचं नाव कुठेतरी लागू दे रे." दादा म्हणाला, "लावू की! घरचंच तर काम आहे."

एका दुपारी ठोंब्या गाण्याच्या खोलीत मला रंगवत होता. काचेपलीकडे, यंत्रांच्या खोलीत, दादा एका नावाजलेल्या गायिकेला घेऊन आला. तिथून गाण्याच्या खोलीत आवाज पोचवायचं बटण चालूच होतं, पण ते बंद करायची तसदी दादानं घेतली नाही. आत होतं कोण ऐकायला! मला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला.

"किती सुंदर! कुणी काढलं?" गायिकेनं विचारलं.

"मीच. हा नुसता रंग भरतो. ठार बहिरा आहे हो. आई मागे लागली म्हणून ठेवलाय, नाहीतर असलं ओझं कोण पोसतंय?"

दोघंही हसली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पण जन्मभर आवाजात वावरलेला दादा एक गोष्ट विसरला. बहिरा माणूस ओठ वाचतो, आणि काच ओठ झाकत नाही. ठोंब्याचा ब्रश हवेतच थांबला.

संध्याकाळी दादानं तोंड मोठं करून विचारलं, "झालं का रे?" ठोंब्यानं रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"नावाचं नंतर बघू," दादा म्हणाला.

"तुझंच घालतो," ठोंब्या जड जिभेनं म्हणाला. आणि घातलं, आपल्या सर्वांत देखण्या अक्षरांत.

दादाला लाज वाटली असेल म्हणता? छे! त्यानं भावाची पाठ थोपटली. "शहाणा रे शहाणा! शेवटी भाऊ कुणाचा!" संताप संताप झाला माझा. ठोंब्या हात धुऊन गेला, तो पुन्हा आलाच नाही.

मग वर्षानुवर्षं माझं कौतुक झालं आणि ते दादानं झेललं. पुढे एक चकचकीत नवी पाटी आली, कानामागून आली आणि तिखट झाली. आता मी एसीच्या गळक्या पाण्याखालच्या बादलीवर झाकण म्हणून पडले आहे.

मित्रांनो, मला पुसून पुन्हा भिंतीवर लावा असं मी म्हणत नाही. ज्यानं काम केलं त्याचं नाव चारचौघांत घ्या, एवढंच मागते. मला घडवणाऱ्याचं नाव तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. पण ते माझ्यासमोर कुणी एकदाही उच्चारलं नाही. मला ते ठाऊकच नाही.