पोळ्याच्या दिवशी उचललेलं जू

मित्रांनो, मी एक जुनं जू आहे. नांगर ओढणाऱ्या दोन बैलांच्या मानेवर जे आडवं लाकूड बसतं, ते मी. हल्लीची मुलं माझ्याकडे बोट दाखवून "हे खाटेचं लाकूड का?" असं विचारतात. मला राग येतो, पण भिंतीला टांगलेल्याने रागावून करायचं काय?

माझा जन्म मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यावर झाला. लखमा सुताराने मला शिवणीच्या लाकडातून तासलं. शिवण वजनाला हलकी आणि अंगाने चिवट. धाऊ नावाच्या शेतकऱ्याने मला घरी नेलं आणि वीस पावसाळे त्याची भातखाचरं मी नांगरली. खरं तर बैलांनी नांगरली, पण एवढी बढाई मला माफ करा. "जू असावं तर धाऊचं!" असं शेजारी म्हणत आणि मी आतल्या आत फुगत असे.

वर्षातून एकच दिवस मला सुट्टी, पोळ्याचा. त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा धाऊच्या घरचा नियम. आणि १९९८ सालच्या नेमक्या त्याच दिवशी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम माझ्यापुढे आलं.

धाऊचा मुलगा हरेश जुनी डिझेल जीप चालवायचा. त्याची धाकटी बहीण माधुरी बारावी पास झाली होती. नर्सच्या शिक्षणासाठी तिला ठाण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पोळ्याच्याच दिवशी, दुपारी दोन वाजता. उशिरा येणाऱ्याचं नाव यादीतून जाणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. वरच्या घाटात दरड कोसळल्यामुळे तिकडून ठाण्याकडे उतरणारी एसटी दोन दिवस बंद होती. म्हणजे उरली हरेशची जीप, आणि ती दहाच्या सुमाराला निघायलाच हवी होती.

पण जीपचं इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं, ज्याला गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात, ते डाव्या बाजूचं तुटलं होतं. इंजिन कलंडून पंखा रेडिएटरला घासत होता. तशीच गाडी काढली असती तर ती वाटेतच बसली असती. नवं फाउंडेशन हरेशने आठ दिवसांपूर्वीच आणलं होतं, पण "बसवू निवांत" म्हणत सीटखाली टाकून ठेवलं होतं. आजचं काम उद्यावर ढकलणाऱ्याला उद्या कधी धक्का देईल, सांगता येत नाही.

सकाळी सातला हरेश कामाला लागला. घाईघाईत त्याने खाली फळी न ठेवताच जॅक लावला. अंगण पावसाने भिजलेलं. जॅकचा दांडा दोनदा दाबला आणि इंजिन उचलायच्या ऐवजी जॅकच चिखलात रुतला. मग त्याने दोन मडगार्डांवर बांबू आडवा टाकून इंजिन दोराने टांगून पाहिलं. बांबू कडकन मोडला. साडेआठ वाजले. माधुरी प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती.

हरेशची नजर माझ्याकडे वळली. "बा, जू दे."

"आज पोळा हाय."

"बा, गाडी नाय निघाली तर माधुरीचा टाइम जाईल. परत नाय बोलावत ते."

धाऊ गोठ्यात गेला, दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत आला. "बैलाच्या मानेवर नाय ठेवायचं, येवढाच नेम हाय ना? मंग नाय ठेवत," असं म्हणून त्याने स्वतः मला खुंटीवरून काढलं.

मला दोन मडगार्डांवर आडवं ठेवलं गेलं. नांगराचा दोर जिथे बांधतात, तिथेच इंजिनाचा दोर बांधला. दोरात काठी घालून माधुरी पीळ देऊ लागली. तिचा इस्त्रीचा पांढरा ड्रेस काळ्या तेलाने माखला, पण तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. एकेका पिळाने इंजिन बोट बोट वर आलं. हरेशने तुटलेलं रबर काढलं आणि नवं बसवायला दोन्ही हात इंजिनाखाली घातले.

इतक्यात डाव्या मडगार्डाचा गंजका पत्रा चेपला आणि माझं डावं टोक खाली जाऊ लागलं. इंजिनाखाली हरेशची बोटं होती! मी जिवाच्या आकांताने तग धरून होतो, पण लाकूड स्वतःहून वर कसं उठणार?

"बा!" हरेश ओरडला.

धाऊ धावला, वाकला आणि त्याने माझ्या डाव्या टोकाखाली आपला खांदा घातला. जिथे बैलाची मान असते, तिथे.

"लाव बोल्ट!"

"आटे नाय धरत! जरा थांब बा!"

"थांबलोय. तू लाव."

मित्रांनो, इतकी वर्षं मी बैलांच्या भरदार मानेवर बसत आलो. त्या दिवशी माझ्याखाली हाडं होती आणि त्यावर पातळ कातडं. मला माझ्याच वजनाची लाज वाटली.

नैवेद्याचं ताट घेऊन धाऊची बायको धोंडीबाई बाहेर आली आणि दारातच थबकली. "अगो बाय! या वयात बैल व्हायची हौस आली का काय तुमाला!" म्हणत तिने ताट खाली ठेवलं आणि धावत येऊन नवऱ्याला कमरेतून घट्ट धरलं.

"धरला आटा!" हरेशच्या तोंडून निघालं. बोल्ट आवळला गेला, माधुरीने पीळ सोडला आणि इंजिन आपल्या बैठकीवर बसलं. सव्वादहाला जीप निघाली. कपडे बदलायलाही वेळ नव्हता. धाऊने खांद्यावर टॉवेल टाकून पोरीला हसत निरोप दिला. टॉवेलाखालची बंडी लाल झाली होती, हे तिने पाहू नये म्हणून.

माधुरी वेळेत पोचली. तिची निवडही झाली. पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात. त्याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर ओझं ओढलेल्या खांद्यांचे ते आभार असतात. धोंडीबाईने उरलेल्या हळद-तुपाची वाटी आणली, धाऊला ओट्यावर बसवलं आणि त्याचा सोललेला खांदा हलक्या हाताने चोळू लागली. थोड्या वेळाने धाऊचे डोळे भरून आले. "झोंबतंय," तो म्हणाला.

पुढे पाड्यावर नांगरणीला पॉवर टिलर आले, धाऊचे बैल गेले आणि मी कोळिष्टकांत अडकून पडलो. मला पुसा, वाळवी लागू देऊ नका, एवढी विनंती तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकून हसत उभं असेल. एकदा तो टॉवेल बाजूला करून बघा.