सान्वीच्या वेशीवरचा भालाईत

मी एक भालाईत बोलतोय. दचकू नका, मी इतिहासातला नाही. मितेशच्या लॅपटॉपमधल्या एका खेळातला आहे आणि उंचीने अंगठ्याच्या नखाएवढा आहे. पण भाला माझा स्वतःचा आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

आमच्या खेळाची रीत आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा धावपळीचा खेळ नव्हे. आपण आपल्या सगळ्या चाली करायच्या, मग कोपऱ्यातलं ‘टर्न संपला’ हे बटण दाबायचं, मग शत्रू त्याच्या चाली करतो. आपण बटण दाबलं नाही तर शत्रूला हलता येत नाही. तो बिचारा तलवार उगारून नुसता उभा राहतो.

माझा जन्म ठाकुर्लीचा. खरी ठाकुर्ली ती, जिथे मितेश आणि रसिका हे नवराबायको राहतात. आमची ठाकुर्ली म्हणजे खेळातली राजधानी. खेळ कुठलंतरी परदेशी नाव सुचवत होता, ते रसिकाने पुसून टाकलं. दोघं मिळून एकच राज्य चालवायची. रविवारी जेवणं आटोपली की पलंगावर मध्ये लॅपटॉप आणि दोन बाजूंना दोघं. फौज मितेशकडे, गावं रसिकाकडे. भांडणात मात्र दोघांची बरोबरी.

सुरुवातीचे ते दिवस काय सांगू! चहूकडे काळोख, नकाशा कोरा. आम्ही एकेक घर पुढे सरकायचो तसा काळोख मागे हटायचा. कुठे नदी निघायची, कुठे डोंगर, कुठे रानटी टोळीचा तळ. नदीकाठी दुसरं गाव वसवलं. मितेशची कंपनी मानपाड्याला, म्हणून गावाचंही नाव मानपाडा. डोंगरापलीकडे शेजारच्या राजाचं झकास शहर दिसलं.

“हे आपलं ठाणे,” रसिका म्हणाली.

“अगं, ठाण्यात फ्लॅट परवडत नाही आपल्याला.”

“म्हणूनच तर. जिंकून घेऊ.”

आणि घेतलं की! मी पुढे, तिरंदाज मागे. तट पडला तेव्हा माझ्यात नुसती धुगधुगी उरली होती. तरी मितेश मला तसाच पुढच्या शहरावर सोडायला निघाला. माणसांची ही सवय मी पाहून ठेवली आहे, एक शहर हाताला लागलं की लगेच डोळे दुसऱ्यावर. रसिकाने त्याचा हात धरला. “अरे, त्याला बरं तर होऊ दे आधी.” त्या दिवसापासून मी तिचा माणूस झालो.

मग रसिकाला दिवस गेले. ती लवकर दमायची, त्यामुळे लढाया थंडावल्या. एका रविवारी समुद्राकाठी नवं गाव वसलं आणि नावाची चौकट उघडली. मितेशने टाइप केलं, सान्वी. रसिका एकदम ताठ बसली.

“वेडा आहेस का? पुस ते. आईंनी काय सांगितलंय? बारशाआधी नाव काढायचं नाही.”

“इथे कोण बघतंय?”

“आणि मुलगा झाला तर?”

“तर पुढचं गाव आर्यन.”

तिने दाराकडे एकदा पाहिलं. तिच्या सासूबाई, म्हणजे मालनबाई, आत निजल्या होत्या. मग ओढणी तोंडावर धरून ती खूप हसली आणि ‘ओके’ तिनेच दाबलं. त्या गावाच्या राखणीला कोणाला पाठवायचं, यावर तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी इतका फुगलो की चिलखत आवळायला लागलं.

त्यानंतर झाकण मिटलं ते बरेच दिवस उघडलंच नाही. उघडलं तेव्हा मितेश एकटा होता, दाढी वाढलेली. पलीकडे मालनबाई फोनवर कोणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, “सातव्यातच झालं सगळं. मुलगी होती. रडलीच नाही हो.” मला खाली बसावंसं वाटलं, पण आम्हाला बसता येत नाही.

मितेश रोज कामावरून आला की खेळायला बसू लागला. ज्याचं शहर आम्ही घेतलं होतं तो राजा आता घोडदळ घेऊन उतरला होता. अशा वेळी कोणीही राजधानी सांभाळील आणि टोकाचं गाव सोडून देईल. सान्वीत होतं काय? चार झोपड्या आणि एक होडी. पण मितेशने ठाणे उघडं टाकलं, मानपाडा उघडं टाकलं आणि सगळी फौज माझ्याकडे आणली. ठाणे गेलं. मानपाडा गेलं. ठाकुर्लीही गेली. माझे सोबती एकेक करून पडले. मी मितेशला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि जागचा हललो नाही.

आता वेशीबाहेर घोडेस्वार उभे आहेत. बटण दाबलं की सान्वी पडणार, हे मितेशलाही कळतं आणि मलाही. म्हणून तो बटण दाबत नाही. रोज येतो, लॅपटॉप उघडतो, गाव बघत बसतो आणि झाकण मिटतो.

आज रसिका त्याच्या मागे येऊन उभी राहिली. किती वाळली आहे ती! त्याने घाईने झाकण मिटायला घेतलं, तिने मध्ये हात घातला.

“अजून आहे हे?”

“आहे.”

“मी पुसायला सांगितलेलं तुला. आणि मग मीच ओके दाबलं.”

“रसिका, नावाने असं काही होत नसतं गं.”

“माहितीये मला. डॉक्टरपण तेच बोलले. तरी रोज उठले की पहिलं तेच येतं डोक्यात.”

मितेशला रडू फुटलं. ती त्याच्या शेजारी बसली.

“हॉस्पिटलात सगळे नुसतं बेबी बेबी करत होते,” ती म्हणाली. “तिला नावाने कोणीच हाक नाही मारली रे. मीपण नाही. मला तेव्हापण भीतीच वाटलेली.”

मग ती वाकली, बारशाला बाळाच्या कानाशी वाकतात तशी, अगदी काचेला ओठ टेकतील इतकी.

“सान्वी,” ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा, “सान्वी.”

वेशीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. जे नाव त्या बाळाच्या कानात पडायचं, ते माझ्या कानात पडलं. हे मी कुठे ठेवू?

आता तिचं बोट बटणावर आहे आणि त्याचा हात तिच्या हातावर. दाबू देत. माझी तक्रार नाही. पण माझा आवाज काचेबाहेर जात नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. कधी ठाकुर्लीला गेलात आणि रसिका भेटली, तर तिला माझा निरोप द्या. तिच्या बाळाचं मला काही कळत नाही, मी साधा शिपाई. या गावापुरती साक्ष मात्र मी देऊ शकतो, कारण वेशीवर मी उभा होतो. घोडेस्वार आले ते आम्ही त्यांचं शहर घेतलं म्हणून आले. त्या दोघांनी ठेवलेलं नाव ऐकून कोणीही आलं नाही.