वहीतली खरवडलेली ओळ

बावीस वर्षांनी जसुमती अमरेलीला तलकशीकाकांच्या घराची पायरी चढली, ती भांडायलाच. तेव्हा वडिलांच्या बाराव्याला घराण्याची वंशावळ ठेवणारा बारोट पिढ्यांची वही वाचायला बसला, आणि त्यांचंच, विरजीभाईंचं, नाव नाही! थोरला तलकशी आहे, धाकटा बचू आहे, मधला भाऊ गायब. वहीत ज्याचं नाव नाही, त्याचा दिवा कुलदेवीपुढे लागत नाही. म्हणजे तिच्या वडिलांचा दिवा कधी लागलाच नाही. हे काकांचंच काम, दुसरं कोण करणार? बारोट उतरायचा त्यांच्याच घरी.

आता कुठल्याशा ग्रंथालयाने बारोटांच्या जुन्या वह्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. तीन दुपारी डोळे फोडून तिने ते पान शोधून काढलं. उद्या कुलदेवीचं हवन होतं. तिथे सगळ्या कुटुंबासमोर काकांचं पितळ उघडं पाडायचं होतं, पण आधी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

काका झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी न विचारताच ताकाचा पेला पुढे सरकवला.

“ताक राहू द्या. हे बघा!” तिने मोबाइल त्यांच्या नाकाशी धरला. “तुमच्या नावाखालची ओळ चाकूने खरवडलीय. कोणी केलं हे?”

“पुढचा फोटो उघड. पानाची मागची बाजू.”

मागे समासात बारोटाचं गिचमिड अक्षर होतं. तिला त्यातलं ओ की ठो कळेना. काकांनी बोट ठेवून वाचलं, “विरजी म्हणतो, माझ्या जसुचंही नाव लिहा. मुलींची नावं लिहायची रीत नाही, असं सांगितलं. तर म्हणे माझंही नको. आणि स्वतःच्या हाताने नाव खरवडलं.”

“वा काका! आरोपी तुम्ही अन् वाचणारेही तुम्हीच! मी काय कुकुलं बाळ आहे?”

“मग दुसऱ्याला विचार की. मी कशाला मधे?”

तिने तिथल्या तिथे राजकोटला बारोटाच्या मुलाला फोटो धाडला. काकांनी काय वाचलं ते मुद्दामच कळवलं नाही. उत्तर येईपर्यंत तिने पेल्याला बोटही लावलं नाही.

मोबाइल वाजला. अक्षरन् अक्षर तेच. खाली लिहिलं होतं, ‘बेन, आता आम्ही मुलींचीही नावं लिहितो. उद्या वही घेऊन येतोय. काय लिहू?’

जसुमतीने मोबाइल मांडीवर ठेवला. “मला सांगितलं का नाही?”

“विरजीने शपथ घातली होती. म्हणाला, आपल्यापायी बापाचं नाव गेलं म्हणून पोर जन्मभर झुरेल. त्यापेक्षा भाई, तुझ्यावर रुसली तर रुसू दे.”

तिने उत्तर लिहिलं: ‘विरजी. त्याखाली जसुमती.’ मग मान वर न करता म्हणाली, “काकी गेली, तेव्हासुद्धा मी आले नाही.”

“हो,” काका म्हणाले. “शेवटपर्यंत विचारत होती, जसु आली का.”

जसुमतीने ताकाचा पेला उचलला आणि तोंडाला लावला.